दुःखाच्या घरी दिंडी

पालखी सोहळ्याचा इतिहास सांगताना आपण १६८५ हे साल सांगतो. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून माउलींच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही संतांचा एकत्र सोहळा पंढरीला नेला. पुढे हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला, त्याला लवाजमा आला, शिस्त आली. हे सगळं बहुतेक स्मरणिकांमधून छापून येतं. पण त्यातली एक गोष्ट सहसा कुणी पुढे ठेवत नाही. तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या आणि नारायणबाबांचा जन्म त्यानंतरचा, असं परंपरा सांगते. म्हणजे ज्याने बापाचं तोंड पाहिलं नाही, त्या मुलाने बापाच्या पादुका पंढरीला न्यायच्या ठरवल्या आणि त्यातून आज लाखो माणसं चालतात ती वाट पडली.

आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांबद्दल लिहायला बसलो तेव्हा आम्हाला हीच गोष्ट पहिल्यांदा आठवली. विणेकरी कोण कोण झाले, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, राहुट्या कुणी दिल्या, पंढरपुरात मठासाठी जागा कशी मिळाली, हे या अंकात इतरांनी लिहिलेलंच आहे. आम्ही लिहितो आहोत ते दिंडीच्या वहीत फारसं सापडत नाही. वारी वर्षातून एकदा. उरलेले अकरा महिने दिंडी गावातच असते, आणि गावातल्या दिंडीला सगळ्यात जास्त बोलावणं येतं ते कुणाच्या तरी घरी माणूस गेल्यावर. रात्री दोन वाजता दार वाजतं, "आमचे अण्णा गेले" एवढंच कुणीतरी सांगतं, आणि टाळाची पिशवी खांद्याला लावून माणसं निघतात.

दिंडी उभी राहिली तो काळही असाच होता. १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ, आपल्याकडे जिला 'मानमोडी' म्हणायचे, ती सरून फार वर्षं झाली नव्हती. त्या एका साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत, आणि मुंबई इलाख्याला तिचा तडाखा फार मोठा बसला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. त्याआधी १८९६ पासून प्लेग होताच. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, परत यावं तर घरात दिवा लावायला कुणी नाही, अशी घरं प्रत्येक वाडीत होती. मानमोडीचं वैशिष्ट्य असं की तिने म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयातली धडधाकट माणसं जास्त नेली. मागे राहिली ती लहान मुलं आणि आजी-आजोबा. मधली पिढीच गायब. दिंडीच्या पहिल्या टाळकऱ्यांत आईवेगळी, बापावेगळी पोरं बरीच होती असं आमच्या आजोबांच्या पिढीकडून आम्ही ऐकलं आहे. चुलत्याने किंवा आजोबाने नातवाच्या हातात टाळ द्यायचा आणि आपल्या पुढे चालवायचा. एवढ्या पोरक्या मुलांना सांभाळायला गावात दुसरं साधन तरी काय होतं?

पोरक्या मुलांना सांगायला आपल्या संप्रदायात कथाही आहेत. आळंदीची चार भावंडं ही पोरकी मुलंच. आई-बापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर गावाने वाळीत टाकलेली. जनाबाई गंगाखेडची, लहानपणीच आई गेली आणि ती पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी वाढली. म्हणून पोरकेपण ही आमच्याकडे लाजेची गोष्ट कधीच नव्हती. पण म्हातारे विणेकरी मुलांना सांगत ते वेगळंच. माउलींनी शके १२१८ च्या कार्तिकात समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात सासवडला सोपानकाका गेले, मग मुक्ताई, मग त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. आठ महिन्यांच्या आत चौघंही. चौघांच्या समाध्या चार ठिकाणी. आणि दर आषाढीला चौघांच्या पालख्या चार दिशांनी निघतात आणि वाखरीच्या तळावर एकत्र येतात. ज्याचा भाऊ किंवा बहीण गेली आहे अशा पोराला वाखरीच्या माळावर उभं करून हे दाखवायचे. समजावून सांगायचं काही नसायचं. "ती बघ मुक्ताईची पालखी आली," एवढंच.

सगळ्या शोकांना मात्र अशी जागा मिळत नव्हती. त्या काळात जन्मलेल्या हजार मुलांमागे दोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत जात. म्हणजे सात-आठ बाळंतपणं झालेल्या बाईची एक-दोन मुलं मातीत गेलेली असायचीच. तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, कीर्तन नाही. बापाने कापडात गुंडाळून न्यायचं आणि संध्याकाळी येऊन जनावरांना वैरण घालायची. आईने चौथ्या दिवशी जात्यावर बसायचं. हे दुःख शास्त्रात बसत नव्हतं, म्हणून ते बायकांनी जात्यावरच्या ओव्यांत ठेवलं आणि तिथून ते वारीत आलं. तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायांच्या रांगेत कोण कशासाठी चालतं आहे हे बायकांना ठाऊक असतं, पुरुषांना नसतं. एखादी तरणी पोर पहिल्यांदा वारीला आली आणि तुळस मागू लागली, तर म्हाताऱ्या बाया काही न विचारता तिला देतात, आणि दोन मैलांनी कुणीतरी म्हणते, "बाळा, माझेपण दोन गेले." आजही हे असंच चालतं. दवाखाना आला, लस आली, मुलं वाचू लागली, आणि त्यामुळेच आता ज्या घरी असं होतं ते घर जास्त एकटं पडतं. पूर्वी शेजारणीला न सांगता कळायचं. आता सांगावं लागतं.

इथे कीर्तनाविषयी थोडं बोललं पाहिजे, कारण दिंडीचं दुःखाच्या घरातलं मुख्य काम कीर्तन हेच. गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना माहीत आहे. भजनाच्या तंद्रीत माती तुडवताना रांगतं मूल पायाखाली आलं. पुढे पंढरीत ते मूल परत मिळालं. फार मोठी कथा आहे, सप्ताहात ती रंगतेही. पण ज्याच्या घरी मूल गेलं आहे त्याच्या ओट्यावर ही कथा लावू नये असा आमच्या दिंडीत जुना दंडक आहे. कारण सरळ आहे. कथेतलं मूल परत येतं. समोर बसलेल्या आईचं येणार नसतं, आणि ती मनात म्हणते की माझी भक्तीच कमी पडली. असं ऐकून गेलेल्या बाया पुन्हा कीर्तनाला आल्या नाहीत, हे जुन्यांनी पाहिलं होतं.

मग काय लावायचं? तुकोबारायांचं चरित्र. ते वरवर माहीत असतं, नीट कुणी सांगत नाही. सतराव्या वर्षाच्या सुमारास आई-वडील गेले. मग थोरल्या भावाची, सावजींची बायको गेली आणि सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले. १६३० च्या दुष्काळात पहिली बायको रखमाई अन्नान्न करून गेली, मुलगा संतोबा गेला, दुकान बसलं. विशी-बाविशीच्या आत माणसाचं हे सगळं झालेलं होतं. त्यानंतर त्यांनी काय केलं? कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकट्या कान्होबांचा वाटा कान्होबांना दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. ज्याने स्वतःच्या घरात भुकेने माणूस मरताना पाहिलं, त्याला दुसऱ्याच्या दारात वसुलीला जाववेना. दुःखाने माणूस कडवटही होतो आणि मऊही होतो. तुकोबा कसे झाले हे या एका कृतीतून कळतं.

आणि कान्होबा. तुकोबा गेल्यावर या भावाने देवाला जे अभंग ऐकवले ते गाथ्यात छापलेले आहेत. ते भांडणाचे अभंग आहेत. देवावर चिडलेला, देवाला जाब विचारणारा भाऊ त्यात आहे. संप्रदायाने ते गाथ्यातून काढले नाहीत, याचा अर्थ आमच्या समजुतीप्रमाणे असा की शोकात देवाशी भांडायची वारकऱ्याला मुभा आहे. नामदेवरायांनी माउलींच्या समाधीचं वर्णन केलं त्यातही गुरू आणि थोरले भाऊ असलेल्या निवृत्तिनाथांचा धीर सुटलेला आहे. निवृत्तिनाथांना जे आवरलं नाही ते आपल्या गावातल्या माणसाला आवरावं अशी अपेक्षा कशी करायची? म्हणून तिसऱ्या दिवशीच "आता रडू नका, आत्मा अमर आहे" असं सांगणाऱ्याला आमच्याकडे हळूच बाजूला घेतात. आत्मा अमर आहे हे खरंच. पण ते सांगायची वेळ तेराव्याच्या पुढची.

अलीकडे दशक्रियेच्या कीर्तनांना जे रूप आलं आहे त्यावरही लिहावं लागेल. मंडप, मोठे स्पीकर, भारी बिदागीचे महाराज, आणि घाटावर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. मेलेल्या माणसाच्या घरी आधीच दवाखान्याचं बिल असतं. त्यात शेजाऱ्याने एवढे केले म्हणून आपण तेवढे, अशी चढाओढ. आपल्या दिंडीतले कीर्तनकार गावातल्या दहाव्याला पैसे घेत नाहीत, भाड्याचेसुद्धा नाही. दिंडीच्या शंभर वर्षांत आम्हाला अभिमान वाटावा अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यात ही एक.

तरण्या बाईचा नवरा जातो तेव्हा काय होतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं हे सगळं शेजारणींच्या हातून होतं. शेतकरी जातींत पाटाची चाल होती, वपनाची सक्ती नव्हती, तरी हळदीकुंकवाला बोलावणं बंद व्हायचंच. वारीत मात्र एक गोष्ट पहिल्यापासून निराळी आहे, ती म्हणजे बुक्का. बुक्का सगळ्यांच्या कपाळाला लागतो. बाई सवाशीण आहे की नाही हे बघून बुक्का लावणारा वारकरी आम्ही पाहिलेला नाही. तुळस आणि हंडा कुणीही घ्यावा. नवरा गेल्यावर घराच्या उंबऱ्याआत बसलेली बाई वर्षाने आषाढीला निघते तेव्हा तिच्या कपाळाला पुन्हा काहीतरी लागतं. हे लहान वाटेल. ज्या बायांनी आम्हाला सांगितलं त्यांना ते लहान वाटलेलं नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. आपल्या दिंडीतल्या महिला मंडळाने तो ठराव एकादशीच्या भजनानंतर वाचून दाखवला. दोघी-तिघी म्हाताऱ्या उठून गेल्या हेही खरं. पण पुढच्या वर्षी त्यातल्याच एकीच्या सुनेवर तशी वेळ आली तेव्हा सासूने बांगड्यांना कुणाला हात लावू दिला नाही.

बुक्क्याने पोट भरत नाही, ही पुढची गोष्ट. नवरा गेलेल्या बाईच्या नावावर जमीन नसते. तलाठ्याकडे वारसनोंद, सात-बारावर नाव, बँकेचं खातं, निराधार योजनेचा अर्ज, हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत करावं लागतं, आणि त्याच महिन्यांत तिला दाराबाहेर पडता येत नाही. दिंडीतले निवृत्त शिक्षक आणि जुने सोसायटीचे सचिव यांनी हे काम आपल्या अंगावर घेतलं तेव्हापासून तेराव्याच्या दिवशीच कागदांची यादी त्या घरी जाते. दीर-भावजयीची भांडणं यामुळे किती टळली याचा हिशेब नाही.

सगळ्यात अवघड ओटा म्हणजे ज्या घरातल्या कर्त्याने स्वतःच जीव दिला तो. नव्वदच्या दशकानंतर महाराष्ट्रात हे किती वाढलं ते सांगायला नको. विदर्भ-मराठवाड्यातलं म्हणून आपण ऐकत होतो, मग आपल्याकडेही झालं. अशा घरी लोक लवकर निघून जातात. कुजबुजतात. सरकारी मदत एक लाखाची, पण ती मिळायची तर जमीन त्याच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं होतं का, हे तपासून 'पात्र' की 'अपात्र' असा शेरा पडतो. परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज असलेला माणूस अपात्र ठरतो. मेल्यावरसुद्धा नापास. बायको-मुलांना हा शब्द वर्षानुवर्षं चिकटतो.

आणि त्यावर कीर्तनकार आत्महत्येच्या पापावर बोलला तर? एका दहाव्याला बाहेरगावच्या महाराजांनी तसं केलं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा डोकं भादरून समोर बसला होता. त्यानंतर दिंडीच्या बैठकीत दोन रात्री वाद झाला. काहींचं म्हणणं होतं की पाप म्हटलं नाही तर दुसरा कुणी तसंच करेल. काहींचं म्हणणं, मेलेल्याला ऐकू येत नाही, ऐकतो तो मुलगा. शेवटी ठरलं ते असं: जगण्याबद्दल, कर्जाबद्दल, वेळेत बोलण्याबद्दल जे सांगायचं ते सप्ताहात, चावडीवर, माणसं जिवंत असताना सांगायचं, मोठ्याने सांगायचं. दहाव्याच्या ओट्यावर पापाचा विषय काढायचा नाही. तुकोबांनी खतं बुडवली ती कथा सांगायची. तेव्हापासून बाहेरच्या कीर्तनकारालाही हे आधी कळवलं जातं.

या ठिकाणी चोखोबांची आठवण येते. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गेले. देवळाच्या आत ज्याला कधी येऊ दिलं नाही, त्याच्या अस्थी आणायला नामदेवराय स्वतः मंगळवेढ्याला गेले आणि महाद्वारासमोर समाधी झाली. तिथून आत जायला त्यांच्या माणसांना १९४७ साल उजाडावं लागलं, सानेगुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणून ही कथा फार गोड करून सांगू नये. पण ढिगाऱ्यातून आपला माणूस ओळखून आणणं हे काम नामदेवरायांनी दुसऱ्यावर टाकलं नाही, एवढं तिच्यातून घ्यावं. ऊसतोडीला, बांधकामावर गेलेली माणसं परमुलखात जातात तेव्हा दिंडीतले दोघं-तिघं गाडी करून जातात. पंचनामा, शवविच्छेदन, मुकादमाशी बोलणं आणि मग गावापर्यंतचा रात्रीचा प्रवास. बायको-पोरांना त्या खोलीत एकटं उभं राहावं लागत नाही.

म्हाताऱ्यांचं दुःख सगळ्यांना सोपं वाटतं. "सोनं झालं," "पिकलं पान गळलं" म्हणून लोक मोकळे होतात. चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही, हे मुलांच्या लक्षात येत नाही. सुनेने चहा दिला, जेवण दिलं, झालं. दिंडीने यावर काही उपाय शोधून काढला असं नाही. सप्ताहाच्या रीतीतूनच तो निघाला. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस पहारे लागतात. रात्री बारा ते चारचा पहारा कुणाला नको असतो. बायको गेलेल्या म्हाताऱ्याला तो पहारा देतात. त्याला झोप नसतेच. देवळात समई असते, गळ्यात वीणा असते, आणि सोबतीला एक पोरगा बसवलेला असतो. पहाटे काकड्याला माणसं येईपर्यंत त्याची रात्र जाते. कित्येक म्हाताऱ्यांनी आयुष्यातलं पहिलं बोलणं त्या सोबतीच्या पोराशी केलं आहे. आज आमच्यातले काही जण तेव्हाचे ते पोरगे आहेत. काय काय ऐकलं ते लिहिणार नाही.

२०२० आणि २०२१ साली हे सगळं बंद पडलं. पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या, मोजक्या माणसांनिशी. वारी चुकली त्याचं दुःख सगळ्यांनी लिहिलं. त्यापेक्षा मोठी गोष्ट गावात घडत होती. करोनाने गेलेल्या माणसाला खांदा नाही, तोंड पाहणं नाही, ओट्यावर भजन नाही. दवाखान्यातून फोन यायचा आणि तालुक्याच्या ठिकाणी नगरपालिकेची माणसं अग्नी द्यायची. घरचे विलगीकरणात. दहावं उरकलं तर दोघा-चौघांत. दिंडीने त्या काळात संध्याकाळचा हरिपाठ फोनवर धरला. ज्या घरात माणूस गेलं असेल त्या घराने फोन नुसता चालू ठेवायचा, बोलायची गरज नाही. आवाज पुढेमागे व्हायचा, टाळ जुळायचा नाही, रेंज जायची. तरी रोज लावत.

२०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा आपल्या दिंडीत नेहमीपेक्षा नवी माणसं जास्त होती. माळ नसलेली, कधी वारी न केलेली. हळूहळू कळलं की बहुतेकांच्या घरचं कुणीतरी त्या दोन वर्षांत गेलं होतं आणि रीतसर रडणंच झालेलं नव्हतं. सासवडला दोन मुक्काम असतात. दुसऱ्या रात्री राहुटीत भजन झाल्यावर विणेकऱ्यांनी सांगितलं, ज्यांना नाव घ्यायचं आहे त्यांनी घ्यावं. पहिल्यांदा कुणी बोललं नाही. मग एका बाईने आपल्या थोरल्या जावेचं नाव घेतलं. त्यानंतर रात्री एक वाजेपर्यंत नावं चालली. प्रत्येक नावाला टाळाचा एक ठोका. सकाळी तीनला उठायचं होतं, कुणी तक्रार केली नाही.

सासवडची ती रात्र तेव्हापासून तशीच ठेवली आहे. या स्मरणिकेच्या शेवटी वैकुंठवासी वारकऱ्यांची यादी छापली आहे ती टाळकऱ्यांची, माळकऱ्यांची. सासवडच्या वहीत मात्र कुणाचंही नाव चालतं: माळ असो नसो, तान्हं मूल असलं तरी, नाव ठेवायच्या आधीच गेलेलं असलं तरी. आईचं नाव लिहून पुढे 'बाळ' लिहितात. वही राहुटीत विणेकऱ्यांच्या उशाशी असते. ज्यांना वारीला येणं जमत नाही त्यांनी निघायच्या आदल्या एकादशीपर्यंत देवळात नाव सांगावं.